गाणं ओठांवर, फोन हातात

सकाळचे ११ वाजले होते. आमच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरून एक आजोबा आले. उजवा हात आणि पाय लुळा, तोंड एका बाजूला खेचलेलं. विचारलेलं समजत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. अशा रुग्णाच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न "काय झालं?" हा नसतो, ते समोर दिसतच असतं. पहिला प्रश्न असतो, "कधी झालं?"

मुलगा म्हणाला, "सकाळी उठवायला गेलो तर असे पडलेले." सून थोडी घुटमळली आणि म्हणाली, "रात्री जेवतानाच घास तोंडातून सांडत होता, मॅडम. हात जड झालाय म्हणाले. वाटलं थकलेत. तेल चोळलं आणि झोपवलं." तिच्या मागे सहावीतला नातू उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "मी रात्रीच म्हटलं होतं, आजोबांचं तोंड वाकडं दिसतंय. मला म्हणाले, झोप तू."

रात्रीचे ९ ते सकाळचे ११. म्हणजे १४ तास. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचा बराच मोठा भाग काळवंडलेला दिसला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्या कपाटात होतं, पण ते देण्याची वेळ कधीच टळून गेली होती.

सरकारी रुग्णालयात पंचवीसहून अधिक वर्षं काढल्यावर अशा केसेसची सवय होते, असं लोकांना वाटतं. उशिरा आलेल्या लकव्याची सवय मला अजून झालेली नाही. पण त्या दिवशी लक्षात राहिला तो नातू. घरातल्या चार मोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते त्याला दिसलं होतं. फक्त आपण जे पाहिलं त्याचं नाव काय, आणि पुढे करायचं काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री मी न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाचा निबंध पुन्हा काढून वाचला. तो अशाच मुलांविषयी होता, आणि त्यात औषध म्हणून वापरलं होतं रॅप गाणं.

मिनिटाला १९ लाख पेशी

आधी आजार समजून घेऊ. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, ब्रेन अटॅक ही एकाच गोष्टीची नावं. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीमुळे बंद होते, किंवा फुटून रक्तस्राव होतो. बहुतांश रुग्णांमध्ये गुठळीच असते. मोठी वाहिनी बंद पडली, तर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी मरतात, असं गणित २००६ मध्ये मांडलं गेलं. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहेत.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करता येतं, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. रक्तस्राव असेल तर उपचार वेगळे. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

अडचण अशी की लकवा बहुतेक वेळा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस घाबरतो, घर जागं होतं. हात जड झाला तर मात्र तो अंगाखाली आला असेल, वारं लागलं असेल, थकवा असेल, अशी दहा कारणं सापडतात. मग तेल येतं, मालिश येते, कुठे अंगारा येतो. काही भागांत तर अजून कबुतराचं रक्त चोळतात. घरच्यांची माया कमी पडते असं नाही. पण आपल्यासमोर जे घडतंय ते ओळखता येत नाही, आणि तोवर घड्याळ पुढे गेलेलं असतं.

हार्लेमचं गाणं

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला हार्लेम हा कृष्णवर्णीयांचा जुना, नावाजलेला भाग. अमेरिकेत गोऱ्या लोकांपेक्षा कृष्णवर्णीयांत पक्षाघाताचं प्रमाण बरंच जास्त आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. ओलाजिदे विल्यम्स हार्लेमच्या रुग्णालयात काम करत होते. त्यांच्याकडचे रुग्णही आमच्यासारखेच, फार उशिरा येणारे. पत्रकं छापून आणि भाषणं देऊन काही बदलत नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी उलट्या केल्या. पहिली म्हणजे मोठ्यांना शिकवण्याऐवजी त्यांनी ९ ते ११ वर्षांची मुलं निवडली. या वयाची मुलं आजी-आजोबांच्या आसपास असतात, शिकलेलं घरी जाऊन सांगतात, आणि चुकीला चूक म्हणायला अजून लाजत नाहीत. दुसरी म्हणजे शिकवण्याचं माध्यम म्हणून त्यांनी त्या मुलांचं स्वतःचं संगीत घेतलं. हिप-हॉप जन्मलं तेच शेजारच्या ब्राँक्समध्ये, १९७० च्या दशकात. डॉक्टरांनी सोबत घेतलं डग ई. फ्रेश यांना. तोंडानेच ढोल-ताशाचा ठेका काढणारा, 'ह्यूमन बीटबॉक्स' म्हणून १९८० च्या दशकात गाजलेला हा हार्लेमचा कलाकार. मुलांचे आईवडीलही त्याची गाणी ऐकत वाढलेले. त्यामुळे मुलांनी घरी ते गाणं म्हटलं, तर "हे काय भलतंच?" असं कोणी म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

या कार्यक्रमाचं नाव 'हिप हॉप स्ट्रोक'. रोज एक तास, असे तीन दिवस. गाणी, कार्टून, खेळ. शिकवायचं एवढंच: चेहरा एका बाजूला ओघळलाय का, हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का, आणि यातलं काही दिसलं तर वेळ न घालवता ९११ या क्रमांकावर फोन. इंग्रजीत या चार गोष्टींची आद्याक्षरं जोडली की 'फास्ट' असा शब्द होतो. म्हणजे आठवणीची खूण आणि सूचना एकाच शब्दात.

आकडे नीट वाचूया

गाणी बनवून टाळ्या मिळवणारे खूप असतात. या मंडळींचं वेगळेपण असं, की त्यांनी नवीन औषधाची चाचणी घ्यावी तशी आपल्या गाण्याची चाचणी घेतली. न्यूयॉर्कच्या २२ सरकारी शाळा, ३,०७० मुलं आणि १,१४४ पालक. चिठ्ठी टाकावी तशा शाळा दोन गटांत वाटल्या. एका गटाला पक्षाघाताचा हा कार्यक्रम, दुसऱ्याला आहाराविषयीचे तास. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्यक्रमाआधी लक्षणं आणि कृती दोन्ही अचूक सांगू शकणारी मुलं होती सुमारे २ टक्के. कार्यक्रम संपताच ती झाली ५७ टक्के. तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा उरली २४ टक्के. पालकांना कोणी वर्गात बसवलं नव्हतं. त्यांना जे कळलं ते मुलांकडून. त्यांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं, आणि तीन महिन्यांनी १७ टक्क्यांवर टिकलं.

हे आकडे मला दोन कारणांसाठी आवडतात. एक, ते प्रामाणिक आहेत. तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक मुलं विसरली, हे लपवलेलं नाही. गाणं म्हणजे जादू नव्हे. लसीला जसा बूस्टर लागतो तसा गाण्यालाही लागतो. दोन, मुलाच्या दप्तरातून एक माहिती घरी गेली आणि पालकांजवळ ती बऱ्यापैकी टिकून राहिली. आरोग्यशिक्षणात हे फार दुर्मीळ आहे.

पण सगळ्यात मोलाची नोंद टक्क्यांत नाही. अभ्यासाच्या काळात चार मुलांनी खऱ्याखुऱ्या पक्षाघाताची लक्षणं ओळखून ९११ ला फोन केला. त्यांतली तीन कार्यक्रमाच्या गटातली होती. त्यांच्यापैकी एका प्रसंगात पालक म्हणत होते, "थांबू, बघू काय होतंय ते." मुलाने ऐकलं नाही. फोन केला.

चार हा आकडा छोटा आहे, त्यावरून संख्याशास्त्र फार काही सिद्ध करणार नाही. पण त्या रात्री निबंधातल्या त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. त्या मुलात आणि माझ्या कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या नातवात हुशारीचा फरक नव्हता. फरक तीन तासांच्या शिकवणीचा होता.

गाणं का लक्षात राहतं?

पाढे आपण चालीवर शिकलो, आणि आजही बारा सत्ते विचारलं की आधी चाल आठवते, मग आकडा. ताल आणि यमक आठवणीला बांध घालतात. ओळ अर्धवट आठवली तरी पुढचा शब्द किती लांबीचा आणि कशावर संपणारा असेल हे ठरलेलं असतं, त्यामुळे चुकीचा शब्द बसतच नाही. वर्गातल्या भाषणाला हा आधार नसतो.

पण यात एक अट आहे. १९९४ मध्ये वँडा वॉलेस या संशोधिकेने चालीत म्हटलेला मजकूर आणि नुसता बोललेला मजकूर यांची तुलना केली. चाल पुन्हा पुन्हा कानावर पडून ओळखीची झाली, तर गायलेला मजकूर जास्त आठवला. चाल एकदाच ऐकवली, तर तो फायदा दिसला नाही. म्हणजे एखाद्या दिनाच्या कार्यक्रमात एकदाच वाजवलेलं आरोग्यगीत हे भाषणाइतकंच निरुपयोगी ठरू शकतं. ते मुलांनी मधल्या सुट्टीत आपण होऊन म्हटलं, तरच त्याचा उपयोग.

गाणं आणि मेंदू यांचं नातं आमच्या वॉर्डात रोज दिसतं. डाव्या मेंदूला पक्षाघात झालेला, 'पाणी' हा शब्दही उच्चारू न शकणारा माणूस शेजारच्या खाटेवर अभंग सुरू झाला की शब्दांसकट साथ देतो. नातेवाईक चक्रावून जातात. बोलणं आणि गाणं यांचे मेंदूतले रस्ते काही ठिकाणी एक असले, तरी पूर्ण एक नाहीत. याच निरीक्षणावर आधारलेली, सूर लावून बोलायला शिकवणारी उपचारपद्धत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. वाचा परत आणण्यासाठी ती आजही वापरली जाते.

गाणं काय शिकवत नाही

इथे एक सावधगिरीची गोष्ट. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. बी जीज या गटाचं १९७७ चं 'स्टेइंग अलाइव्ह' हे डिस्को गाणं नेमकं त्याच वेगाचं आहे, मिनिटाला सुमारे १०३ ठोके. ते मनात म्हणत छाती दाबा, असं जगभर शिकवलं जातं. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने २०१२ मध्ये त्यावर केलेली जाहिरात प्रचंड गाजली.

त्याआधी २००९ मध्ये ब्रिटनमध्ये एका बालगीतावर असाच प्रयोग झाला होता. 'नेली द एलिफंट' हे हत्तिणीचं गाणं ऐकत १३० सामान्य लोकांनी पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव केला. त्या वेळी अपेक्षित असलेला वेग गाण्याविना १२ टक्के लोकांना साधला, गाण्यासह ३२ टक्के लोकांना. उत्तम! पण पुढची नोंद अशी, की गाणं ऐकताना उथळ दाबांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेलं. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि गाण्याला ते माहीत नव्हतं. त्याने ठेका शिकवला, जोर शिकवला नाही.

यातून मी एक साधा नियम काढला आहे. गाण्याला एकच काम सांगावं आणि ते काम गाण्याला जमणारं असावं. हात कसा दाबायचा हे हाताला धरूनच शिकवावं लागतं. लक्षण कोणतं आणि फोन कुठे करायचा, हे गाण्यात सहज बसतं.

अर्थात प्रत्येक विज्ञानगीताला जीव वाचवायचा नसतो. २००८ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या केट मॅकअल्पाइन या विज्ञानलेखिकेने तिथल्या महाकाय यंत्रावर एक रॅप केला. हेल्मेट घातलेली माणसं भुयारात नाचताना दाखवणारा तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्याचं काम होतं कुतूहल जागं करणं, आणि ते त्याने केलं. कॅनडाचा रॅपर बाबा ब्रिंकमन याने डार्विनच्या जन्माच्या २०० व्या वर्षी, २००९ मध्ये, उत्क्रांतीवर अख्खा रॅपचा कार्यक्रम रचला. तो रचायला सुचवणाऱ्या मार्क पॅलन या जीवशास्त्रज्ञाने त्याची प्रत्येक ओळ शास्त्राच्या कसोटीवर तपासली. ही तपासणी महत्त्वाची आहे. चुकीची माहितीही चालीत तितकीच पक्की बसते आणि मग ती डोक्यातून काढणं भाषणातल्या चुकीपेक्षा अवघड जातं.

आणि काही वेळा गाण्याचं काम फक्त एका दारापर्यंत नेण्याचं असतं. लॉजिक या अमेरिकन रॅपरने २०१७ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी असलेल्या मदतवाहिनीचा फोन क्रमांक हेच आपल्या गाण्याचं नाव ठेवलं. निराश माणूस फोन करतो, पलीकडून कोणीतरी ऐकून घेतं आणि तो सावरतो, असा त्या गाण्याचा प्रवास. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावरचा अभ्यास आला. गाण्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या ३४ दिवसांत त्या मदतवाहिनीला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. गाण्यामुळेच हे घडलं असं अशा अभ्यासातून ठामपणे म्हणता येत नाही. पण दोन्ही आकडे एकाच दिशेने बोलतात. आपल्याकडे अशा वेळी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो किती जणांना पाठ आहे, हे आपापल्या घरात विचारून बघा.

कीर्तनापासून रॅपपर्यंत

हे सगळं ऐकल्यावर "पण रॅप ही आपली संस्कृती नव्हे" असं म्हणणारे भेटतातच. त्यांना मी गाडगेबाबांची आठवण करून देते. हातात खराटा घेऊन दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात स्वच्छतेवर, व्यसनावर, कर्ज काढून केलेल्या सणावारांवर बोलायचं. समोरच्या माणसांना थेट प्रश्न विचारायचे, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचं. त्याआधी एकनाथांचं भारूड, नंतर शाहिरांचे पोवाडे आणि अण्णा भाऊ साठ्यांची लोकनाट्यं. लोकांच्या चालीत लोकांना शहाणं करण्याची रीत आपल्याकडे न्यूयॉर्कच्या कितीतरी आधीची आहे.

फक्त आज सहावी-सातवीतल्या मुलाच्या कानात पोवाडा नाही, रॅप आहे. धारावीतल्या पोरांनी तो मराठी-हिंदीत कधीच आपलासा केला आहे. 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं २०२४ मध्ये लग्नाच्या वरातीपासून मोबाइलच्या रील्सपर्यंत सगळीकडे वाजलं. मुलं जिथे आहेत तिथे जायचं, एवढाच याचा अर्थ.

पण तिथे जायचं कसं, हे हार्लेमकडून शिकण्यासारखं आहे. डॉ. विल्यम्स स्वतः टोपी उलटी घालून नाचले असते, तर मुलं हसली असती आणि विसरली असती. डॉक्टरने मजकूर सांभाळला, ठेका कलाकाराने. आपल्याकडची बरीच आरोग्यगीतं फसतात ती याच ठिकाणी. जुन्या सिनेगीताच्या चालीवर अधिकाऱ्यांनी परिपत्रकातली वाक्यं बसवलेली असतात. ती ना गाणं राहतात ना माहिती.

आमचा फसलेला प्रयोग

हे मी अनुभवाने म्हणते आहे. त्या आजोबांच्या केसनंतर मी आमच्या इंटर्न मुलांना लकव्यावर काही करा म्हटलं. पहिला प्रश्न भाषेचा आला. इंग्रजीतला 'फास्ट' मराठीत होत नाही. चेहरा, हात, बोलणं, वेळ यांची आद्याक्षरं जोडली तर 'चेहाबोवे' असं काहीतरी होतं. ते ऐकून आम्हीच हसलो. मग ठरलं, आद्याक्षरं सोडून द्यायची, सरळ यमक जुळवायचं.

पहिला मसुदा मी तपासला आणि त्यात स्वतःच भर घातली. धमनी, गुठळी, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मीठ, व्यायाम. माझ्या दृष्टीने परिपूर्ण. जवळच्या एका शाळेत तो म्हणून दाखवला, तेव्हा मुलं जांभया देत होती. नंतर एका मुलीला विचारलं, "काय लक्षात राहिलं?" ती म्हणाली, "साडेचार तास असतात ना, म्हणजे जेवून वगैरे निघालं तरी चालतं." माझ्या पोटात गोळा आला. शास्त्राच्या दृष्टीने अचूक असलेला माझा आकडा तिच्यापर्यंत पोचताना नेमका उलटा झाला होता. मी सांगत होते "घाई करा", तिने ऐकलं "वेळ आहे".

दुसरी चूकही मुलांनीच दाखवली. लक्षणं सांगताना आमचा एक इंटर्न तोंड वाकडं करून दाखवायचा आणि वर्ग खदखदा हसायचा. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसत नव्हता. त्याच्या घरी लकवा झालेली आजी होती, हे बाईंनी नंतर सांगितलं. ती नक्कल आम्ही त्याच दिवशी बंद केली. आजार ओळखायला शिकवताना आजारी माणूस चेष्टेचा विषय होता कामा नये.

मग माझी लुडबुड कमी झाली. आमच्याच रुग्णालयात शिकणारी नर्सिंगची एक विद्यार्थिनी कॉलेजात रॅप करते हे कळलं. तिने माझा पानभर मजकूर बाजूला ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मुलाने रात्री नेमकं काय करायला हवं होतं? तेवढंच सांगा." त्यातून या चार ओळी आल्या:

तोंड झालं वाकडं, हात पडला लुळा,
बोलताना अडखळला, तर दवाखान्याकडे पळा!
तेल नको, अंगारा नको, नको सकाळची वाट,
घड्याळ बघा, फोन लावा, एकशे आठ!

यात रक्तवाहिनी नाही, साडेचार तासही नाहीत. कविता म्हणून कोणी बक्षीस देणार नाही. पण मुलं ती टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात, शेवटच्या 'आठ'वर बाक वाजवतात, आणि शाळा सुटताना फाटकापर्यंत म्हणत जातात. हार्लेमसारखी चाचणी आम्ही घेतलेली नाही, त्यामुळे यश मिळालं असा दावा मी करत नाही. त्या अभ्यासातून एक गोष्ट मात्र उचलली. तीन महिन्यांनी त्याच वर्गात पुन्हा जायचं आणि पुन्हा म्हणून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत अर्धा वर्ग 'अंगारा'पाशी अडखळला, पण 'एकशे आठ' कोणीच चुकलं नाही.

आज घरी एवढं करा

कोणाचं तोंड अचानक एका बाजूला ओघळलं, दोन्ही हात वर उचलायला सांगितल्यावर एक खाली पडू लागला, किंवा साधं वाक्य बोलताना जीभ अडखळली, तर यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. अचानक तोल जाणं किंवा एकाएकी दिसेनासं होणं, हेही धोक्याचे इशारे. १०८ ला फोन करा आणि "लकव्याची लक्षणं आहेत" असं स्पष्ट सांगा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टरला ती सगळ्यात आधी लागते. तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका, कारण गिळणं बिघडलेलं असू शकतं. हार्ट अटॅकसाठी ठेवलेली ॲस्पिरिनही नको. आत रक्तस्राव असेल तर ती घात करते. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली, तरी जाच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

आणि हे घरातल्या लहानांना शिकवा. वरच्या चार ओळी आवडल्या नाहीत तर त्यांना त्यांच्या ठेक्यात नव्या बनवायला सांगा. त्या आपल्यापेक्षा चांगल्या होतील. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

ते आजोबा आता काठी घेऊन चालतात. बोलणं अजून तुटक आहे, पण भजनात सूर लावतात. मध्यंतरी नातू त्यांना घेऊन ओपीडीत आला होता. तपासणी झाल्यावर दारापाशी थांबून त्याने विचारलं, "मॅडम, त्या रात्री मी कोणाला सांगायला पाहिजे होतं?"

त्याला मी आधी हे सांगितलं, की चूक त्याची नव्हती. त्याने पाहिलं होतं आणि बोललाही होता, ऐकायला हवं होतं आम्ही मोठ्यांनी. मग त्याला बाकावर बसवलं, त्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलं आणि चार ओळी म्हणून दाखवायला लावल्या. दुसऱ्या वेळी त्याने तिच्याबरोबर म्हटल्या. तिसऱ्या वेळी आजोबांनीही शेवटचे दोन शब्द लावले, थोडे अडखळत, पण ठेक्यात.